फौजीची पोरं: पीस, फील्ड आणि मधली शाळा

खान्देशात कुठल्याही बऱ्यापैकी मोठ्या गावात चार-दोन घरं मिलिटरीवाल्यांची निघतातच. गावाला या घरांची दोन चित्रं पाठ असतात. एक म्हणजे सुट्टीवर आलेला फौजी, बारीक कापलेले केस, कॅन्टीनचा माल, पारावर रंगलेल्या गप्पा. दुसरं म्हणजे तिरंग्यात गुंडाळलेली पेटी आणि चौकातला बॅनर. या दोन चित्रांच्या मधे पंधरा-वीस वर्षांची नोकरी असते आणि त्या वर्षांत घरात पोरं लहानाची मोठी होतात. त्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही.

मग नातेवाईक विचारतात, ‘एवढी सरकारी नोकरी, मग बायको-पोरांना सोबत का नेत नाही?’ शाळेतले सर विचारतात, ‘पालकसभेला दरवेळी आजोबाच का येतात?’ दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे, पोस्टिंग. ती कशी चालते हे एकदा समजलं की या पोरांचं बरंचसं वागणं आपोआप उलगडतं.

पीस आणि फील्ड

लष्कराच्या नोकरीत दोन तऱ्हेच्या जागा असतात. पीस म्हणजे शांततेची ठाणी: झाशी, अंबाला, मेरठ, पुणे, अहिल्यानगर अशी. फील्ड म्हणजे नियंत्रण रेषा, लडाख, अरुणाचल, काश्मीरचा आतला भाग. पायदळाची पलटण एकगठ्ठा हलते. माणसं, हत्यारं, लंगरची भांडी, सगळं. साधारण दोन-तीन वर्षं पीसमध्ये, मग दोन-तीन वर्षं फील्डमध्ये, असा फेरा चालतो. सिग्नल (संदेशवहन), ईएमई (यंत्रदुरुस्ती), एएससी (रसद) यांसारख्या शाखांमध्ये माणसाची एकट्याचीही बदली होते. वरून राष्ट्रीय रायफल्सची, म्हणजे काश्मीरमध्ये दहशतवाद्यांशी लढणाऱ्या दलाची, पाळी येते. म्हणजे आपली पलटण पीसमध्ये असली तरी हा गडी काश्मीरमध्ये.

फील्डमध्ये कुटुंब नेता येत नाही, हा सरळ नियम. पीसमध्ये नेता येतं, पण त्यासाठी क्वार्टर लागतं आणि ती पुरेशी नसतात. नाव यादीत लागतं, नंबर यायला महिने जातात, कधी वर्षही जातं. तोवर पीसची मुदत निम्मी सरलेली असते. काहीजण बाहेर भाड्याने खोली घेतात. फील्डवर जाणाऱ्यांच्या कुटुंबासाठी काही ठाण्यांत वेगळी क्वार्टरं असतात, त्यांना ‘एसएफ क्वार्टर’ म्हणतात, म्हणजे नवरा सीमेवर आणि बायको-पोरं छावणीत. तिथे शाळा, दवाखाना, कॅन्टीन हाताशी असतं. पण परमुलखात एकटीने दोन पोरं सांभाळायची, तीही सासू-सासरे इकडे शेतात असताना, हे आपल्याकडच्या बऱ्याच घरांना पटत नाही. म्हणून ट्रंका बांधून गावी परतणं होतं.

हे पोराच्या बाजूने पाहू. समजा एरंडोल तालुक्यातल्या, नायक हुद्द्याच्या एका जवानाचा मुलगा आहे. तो जन्मला तेव्हा वडील काश्मीरमध्ये होते. चौथ्या वर्षी आईसोबत झाशीला गेला. केजी आणि पहिली तिथे झाली. मग पलटण अरुणाचलला चढली, हा गावी आला आणि दुसरी-तिसरी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकला. चौथी ते सहावी अंबाला. सातवीला पुन्हा एरंडोल. म्हणजे बारा वर्षांच्या आत तीन गावं, दोन बोर्डं आणि तीन भाषा. उदाहरण बनवलेलं आहे, पण कोणत्याही सुभेदाराच्या घरी वाचून दाखवा, तो फक्त ठाण्यांची नावं बदलून देईल.

यात खान्देशाची एक खास अडचण आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत लष्कराची छावणी नाही. जवळची छावणी म्हणजे देवळाली, अहिल्यानगर किंवा छत्रपती संभाजीनगर. भुसावळ आणि वरणगावला आयुध निर्माणी आहेत, पण ते कारखाने. तिथे पलटण राहत नाही. त्यामुळे अंबाल्याच्या शाळेत ज्या पोराच्या वर्गात निम्म्या मुलांचे वडील ‘वर’, म्हणजे फील्डवर, गेलेले असतात, तेच पोर गावी आलं की वर्गात तसं एकटंच असतं. छावणीत त्याला काही समजावून सांगावं लागत नाही. बाजूच्या बाकावरच्यालाही तेच असतं, शिक्षकांना सवय असते, शेजारच्या क्वार्टरमधली काकू न विचारता डबा पाठवते. गावात माया भरपूर मिळते, पण नेमकं काय चाललंय ते कोणाला ठाऊक नसतं. मला विचाराल तर बदल्यांपेक्षा हा फरक पोरांना जास्त जड जातो.

सुट्टी कशी मिळते

जवानाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक रजा आणि ३० दिवसांची किरकोळ रजा असते. फौजी भाषेत एएल आणि सीएल. ऐकायला तीन महिने भरपूर वाटतात. पण कंपनीतले सगळे एकदम दिवाळीला सोडले तर पोस्ट कोण सांभाळणार? म्हणून पाळ्या लागतात. यंदा दिवाळी मिळाली तर पुढच्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बघू. रजेचे तुकडे घराच्या गरजेप्रमाणे पडतात: बहिणीचं लग्न, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, कपाशीची लागवड, घराचा स्लॅब. पोराच्या वाढदिवसाचा नंबर शेवटी लागतो. जम्मूहून झेलम एक्सप्रेस पकडली तरी भुसावळला उतरेपर्यंत दीड दिवसाच्या आसपास जातो, आणि जम्मूपर्यंत खाली यायचे दिवस निराळे.

मंजूर झालेली रजाही पक्की नसते. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी रजेवर आलेल्यांना परत बोलावणं आलं. ऐन लग्नसराई होती. लहान पोरांना सीमेवरचं राजकारण समजत नाही. पप्पा पंधरा दिवस राहणार होते आणि चौथ्या दिवशी गेले, एवढंच त्यांना समजतं.

माणूस दूर जाताना आणि परतल्यावर घरात काय होतं, यावर अमेरिकेत १९८७ साली कॅथलीन व्हेस्टल लोगन यांनी एक मांडणी केली. त्यांचे पती नौदलात होते. जहाज सुटण्याआधी, सुटल्यावर आणि परतल्यावर बायका कोणकोणत्या अवस्थांतून जातात, त्याचे त्यांनी सात टप्पे दाखवले. निघायचे दिवस जवळ आले की क्षुल्लक कारणावरून भांडणं होतात. माणूस गेल्यावर घर काही दिवस विस्कटतं, मग आपल्या मापाने नव्याने बसतं. परत येण्याची वेळ झाली की धांदल आणि आनंद. आणि आल्यावर, हे लोकांना आश्चर्याचं वाटतं, पुन्हा कुरबुरी. कारण बसलेली घडी मोडावी लागते.

आपल्याकडे हे जसंच्या तसं लागू होत नाही. तिथे घर म्हणजे नवरा-बायको आणि मुलं. इथे आजोबा, काका, मोठी काकू असतात. वडिलांची जागा रिकामी राहत नाही, ती वाटून घेतली जाते. शाळेची फी काका भरतो, रागवायचं काम आजोबांचं, प्रगतिपुस्तकावर सही आईची. म्हणून वडील नसताना घर इतकं कोसळत नाही. पण ते परतल्यावर वाटलेली कामं कोणी परत देत नाही, आणि खरी रस्सीखेच तिथे सुरू होते.

सुट्टीच्या पहिल्या सकाळी हे बघायला मिळतं. पप्पा पाचलाच उठून दाढी उरकून ओट्यावर बसलेले. पोरांना सहाला उठवतात आणि चादरीची घडी घालायला सांगतात, चारही कोपरे जुळवून. आजी आतून म्हणते, ‘निजू दे ना रे, सुट्टी शे त्यास्नी.’ पप्पा पोराला म्हणतात, ‘पाणी आण.’ पोर उठतं, पण आधी आईकडे बघतं. ते बघणं क्षणभराचं असतं, तरी बापाला दिसतं. बरेच वडील याने दुखावतात आणि आवाज चढवतात. खरं तर पोराचं काही चुकलेलं नसतं. वर्षभर ज्या माणसाच्या होकारावर घर चाललं त्याच्याकडेच ते बघतं. अनुभवी फौजी पहिले चार-पाच दिवस घरात काहीच बदलत नाहीत. ते पोराला सायकलवर शाळेत सोडायला जातात, मळ्यात घेऊन जातात, शिस्तीचं नंतर बघतात.

वडील दूर असतानाच्या दिवसांसाठी मानसशास्त्रात एक कल्पना आहे. पॉलीन बॉस या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९७०च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास केला. माणूस गेलाही नाही आणि समोरही नाही, अशा अवस्थेतलं दुःख वेगळंच असतं, असं त्यांचं निरीक्षण होतं. मेलेल्यासाठी रडता येतं, जवळच्याशी भांडता येतं. इथे दोन्ही जमत नाही. फील्डवर असलेला बाप बेपत्ता नसतो, त्याचा फोन येतो, म्हणून ही तुलना शेवटपर्यंत ताणू नये. तरी थोडा अंश उतरतोच. त्याचा पत्ताच बघा: नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि शेवटी ‘द्वारा ५६ एपीओ’, म्हणजे लष्कराचं टपाल कार्यालय. पूर्वेकडे असेल तर ‘९९ एपीओ’. गावाचं नाव नाही, जिल्हा नाही. नकाशात बोट ठेवून ‘माझे पप्पा इथे आहेत’ असं दाखवता येत नाही. फोनवर विचारलं तरी ते जागेचं नाव सांगत नाहीत, ‘वर आहे’ एवढंच म्हणतात. बर्फातल्या पोस्टवर असतील तर आठवडाभर फोनही नाही.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशातली देवी कानबाई बसते. नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या पुरुषांच्या नावाने मुठी मोजून धान्य घेतात. जो हजर नाही त्याच्याही नावाची मूठ पडते. आजी मोठ्याने नाव घेऊन मूठ टाकते आणि पोर ते ऐकतं. आपल्या रीतीरिवाजांनी दूरच्या माणसाला मोजायची सोय करून ठेवलेली आहे. मानसशास्त्राची पुस्तकं सांगतात की दूर असलेल्याचं नाव घरात रोजच्या बोलण्यात असू द्यावं. ते इथे आधीपासूनच चालू आहे.

बे एके बे

सगळ्यात जास्त ताण शाळेचा असतो, म्हणून जरा सविस्तर.

केंद्रीय विद्यालयं मुळात बदलीच्या नोकरदारांच्या पोरांसाठीच निघाली. १९६३-६४ मध्ये पलटणींच्या जागी चालणाऱ्या वीस शाळा केंद्राने ताब्यात घेतल्या, तिथून सुरुवात. आजही प्रवेशात केंद्र सरकारी आणि सेनादलातल्या पालकांच्या मुलांना पहिला मान आहे, आणि गेल्या सात वर्षांत पालकाच्या किती बदल्या झाल्या ते मोजून क्रम लागतो. देशभर अभ्यासक्रम एकच, त्यामुळे झाशीचा धडा अंबाल्यात पुढे चालू होतो. लष्कराच्या कल्याण शिक्षण संस्थेच्या आर्मी पब्लिक स्कूलांचंही तसंच. पण खान्देशात आर्मी पब्लिक स्कूल नाही, आणि केंद्रीय विद्यालय भुसावळसारख्या मोजक्या ठिकाणी आहे. पारोळ्याच्या किंवा साक्रीच्या खेड्यातलं पोर तिथे रोज कसं जाणार? म्हणून गावी परतलं की बोर्ड बदलतं.

आता वर्गात काय होतं ते बघा. सर म्हणतात, ‘दोनचा पाढा म्हण.’ पोरगं उभं राहतं आणि छातीठोकपणे सुरू करतं, ‘दो एकम दो, दो दूनी चार.’ वर्ग खदखदून हसतो. त्याला पाढा येतो, पण ‘बे एके बे’ येत नाही. ‘एकोणसाठ’ म्हटलं की त्याला उनसठ की उनहत्तर ते आठवून बघावं लागतं. लिपी देवनागरी, त्यामुळे वाचता येतं. पण ‘ळ’ जिभेवर बसत नाही, ‘शाळा’चं ‘शाला’ होतं. निबंध लिहायला बसलं की क्रियापदं हिंदी. चाचणीत गुण पडतात आणि आई घाबरते, पोर हुशार होतं ते मागे कसं पडलं म्हणून. ते मागे पडलेलं नसतं. विज्ञान-गणित त्याला येत असतं, फक्त मराठीत येत नसतं. सहा महिने-वर्षभरात गाडी रुळावर येते, घाई करू नये.

आणखी एक फट राहते, तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. महाराष्ट्रात चौथीला शिवाजी महाराजांचा इतिहास असतो. जे पोर ते वर्ष राज्याबाहेर होतं, त्याचा तो निसटतो. पुढे सातवी-आठवीत वर्गात कोणी अफजलखान किंवा आग्र्याचा विषय काढला की सगळी पोरं बोलतात आणि हे गप्प. फौजीचं पोर असून याला महाराज माहीत नाहीत, असा टोमणाही बसतो. उपाय सोपा आहे. चौथीचं जुनं पुस्तक आणून द्यावं, दिवाळीच्या सुट्टीत वाचून होतं.

घरी तिसरी भाषा असते, अहिराणी. ‘आठे ये रे पोऱ्या’ अशी हाक मारणाऱ्या आजीला पोर ‘क्या हुआ दादी’ म्हणतं. आजीला गंमत वाटते, मग थोडं लागतंही. छावणीतल्या क्वार्टरमध्ये आई-वडील एकमेकांशी अहिराणीत बोलतात पण पोरांशी हिंदीत, कारण शेजार हिंदी. आपापसातली अहिराणी पोरांसमोर चालू ठेवली तर ती त्यांच्या कानावर राहते आणि गावी परतल्यावर महिनाभरात बोलायला लागतात. ज्यांनी मुद्दाम दाबली त्यांच्या पोरांना आजीशी बोलायला आई मध्ये लागते.

या सगळ्याची दुसरी बाजूही खरी आहे. हीच पोरं नवीन वर्गात पहिल्याच दिवशी कोणाशीही बोलायला लागतात. रेल्वेत आरक्षणाचा डबा शोधणं, अनोळखी माणसाला पत्ता विचारणं, स्वतःचं कपाट लावणं त्यांना शिकवावं लागत नाही. पण मैत्री पटकन करतात तशी पटकन सोडतातही. कुठल्याच मित्राला फार जवळ येऊ न देणारी पोरं यात दिसतात. आठवी-नववीच्या वयात ते जास्त जाणवतं, कारण त्या वयात बाकीच्यांचे मित्र पहिलीपासूनचे असतात.

पैशाचं थोडक्यात. मुलांचा शिक्षण भत्ता बारावीपर्यंत दोन मुलांसाठी मिळतो. जानेवारी २०२४ पासून तो दर मुलामागे महिना २८१२ रुपये ५० पैसे आहे. वसतिगृहात ठेवलं तर अनुदान महिना ८४३७ रुपये ५० पैसे, पण शाळा घरापासून ५० किलोमीटरच्या पलीकडे हवी. वर्ष संपल्यावर मुख्याध्यापकाचा दाखला जोडून मागणी करायची असते. गावच्या शाळेत असा दाखला कोणी कधी मागितलेला नसतो, मग मुख्याध्यापक ‘नमुना आणा’ म्हणतात. वडिलांनी युनिटमधून कोरा नमुना आधीच पाठवून ठेवावा.

निवासी शाळेचा विचार असेल तर साताऱ्याची सैनिक शाळा आहे. २३ जून १९६१ ला सुरू झालेली ही देशातली पहिली सैनिक शाळा. सहावी आणि नववीला प्रवेश परीक्षेतून मिळतो. जातनिहाय आरक्षण वजा जाऊन उरलेल्या जागांपैकी २५ टक्के आजी-माजी सैनिकांच्या मुलांना असतात, आणि २०२१-२२ पासून मुलींनाही प्रवेश आहे. जळगाव आणि धुळ्यात सैनिक कल्याण विभागाची वसतिगृहंही आहेत. तालुक्याच्या शाळेवर भरवसा नसेल तर पोराला तिथे ठेवून शहरात शिकवता येतं. माझं मत असं की दर दोन वर्षांनी शाळा बदलण्यापेक्षा आठवीपासून एका जागी राहू द्यावं, मग ते वसतिगृह असो की मामाचं घर. निदान नववी ते बारावी बोर्ड बदलू नये.

पाटील नावाचा घोळ

लग्न, बाळाचा जन्म, बाळाचं नाव, हे सगळं फौजीच्या नोंदीत ‘पार्ट टू ऑर्डर’ने चढतं. युनिट तो प्रसिद्ध करतं आणि तो रेकॉर्ड ऑफिसला जातो. ही नोंद नसेल तर लष्कराच्या लेखी ते मूल नाहीच. भत्ता नाही, दवाखान्याचं कार्ड नाही.

आपल्याकडे यात एक हमखास घोटाळा होतो. खान्देशात अर्धा गाव बोलण्यात पाटील असतो आणि कागदावर पवार, देवरे, सोनवणे काहीही असतो. एका भावाच्या दाखल्यावर पाटील, दुसऱ्याच्या दाखल्यावर पवार. त्यात दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी छापतात, भरतीच्या वेळी तेच नाव त्याच क्रमाने उतरतं, आणि पोराच्या केंद्रीय विद्यालयाच्या दाखल्यावर मात्र स्वतःचं नाव आधी. आईचं नाव एका कागदावर माहेरचं, दुसऱ्यावर सासरचं. ग्रामपंचायतीत बाळाचं नाव ‘राज’ आणि पार्ट टू ऑर्डरमध्ये ‘राजवीर’. लहानपणी याने काही अडत नाही. अठराव्या वर्षी, प्रवेशाच्या खिडकीवर, दोन दिवसांची मुदत असताना अडतं, आणि वडील त्या वेळी तिकडे अरुणाचलात तवांगला असतात. म्हणून बाळाचा जन्मदाखला काढतानाच वडिलांच्या नोंदीतलं स्पेलिंग समोर ठेवावं आणि पहिलीच्या प्रवेशाला तेच लिहावं.

राज्यातल्या व्यावसायिक प्रवेशांत संरक्षण दलाच्या मुलांसाठी तीन गट आहेत. पहिला महाराष्ट्राचे अधिवासी माजी सैनिक, दुसरा महाराष्ट्राचे अधिवासी पण सेवेत असलेले, तिसरा बाहेरच्या राज्यातले पण बदलीने इथे आलेले. आपली बहुतेक घरं पहिल्या दोनांत बसतात. पोराची दहावी-बारावी राज्याबाहेर झाली असेल तर वडिलांचा अधिवास दाखला आणि सेवेचं प्रमाणपत्र हेच आधार असतात. नियम दरवर्षीच्या माहितीपुस्तिकेत वाचून घ्यावेत. पंतप्रधान शिष्यवृत्ती, मुलांना महिना २५०० आणि मुलींना ३०००, ही माजी सैनिकांच्या आणि सैनिकांच्या विधवांच्या मुलांसाठी आहे. सेवेतल्यांच्या मुलांना नाही. अर्ज भरून नाकारल्यावर लोक चिडतात, म्हणून सांगितलं.

गावात सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफ सगळ्यांनाच मिलिटरी म्हणतात. ही दलं गृह मंत्रालयाची आहेत. ताटातूट तितकीच, धोकाही तितकाच, पण सोयी वेगळ्या. २००४ नंतर भरती झालेल्यांना लष्करासारखी जुनी पेन्शनही नाही. शेजारच्या फौजीच्या पोराला जे मिळालं ते आपल्याला का नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा इथे असतं.

बाप कायमचा घरी येतो

पेन्शनला किमान पंधरा वर्षांची सेवा लागते. अठरा-विसाव्या वर्षी भरती झालेला शिपाई-नायक चाळिशीच्या आतबाहेर घरी येतो. पोर त्या वेळी बारा-पंधराचं असतं, म्हणजे बापाची गरज सगळ्यात जास्त आणि ती कबूल करायची तयारी सगळ्यात कमी असं वय. सुट्टीतले पप्पा पाहुण्यासारखे असतात, लाड करतात. आता तोच माणूस रोज सकाळी सहाला मोबाईल काढून घेतो. बापालाही गाव नवीन असतं. भाऊ शेतीचे निर्णय विचारत नाही, बँकेत कारकून ताटकळत ठेवतो, हाताखाली कोणी नाही. काहीजण डीएससीत, म्हणजे संरक्षण खात्याच्या ठिकाणांची राखण करणाऱ्या दलात, पुन्हा भरती होतात, काही राज्याच्या माजी सैनिकांसाठीच्या १५ टक्के राखीव जागांची तयारी करतात, म्हणजे बाप आणि पोर एकाच टेबलावर अंकगणित सोडवतात. अशा घरांत दोघांचं बरं जमलेलं दिसतं.

उपचारांचं कार्ड आता ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं होतं. मुलगा २५ वर्षांचा होईपर्यंत किंवा कमावता होईपर्यंत त्यात असतो, मुलगी लग्न होईपर्यंत किंवा कमावती होईपर्यंत.

‘तू पण फौजीत जाणार ना?’ हा प्रश्न या पोरांना पाचवीपासून विचारला जातो. पूर्वी तो फक्त मुलांना विचारायचे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, मुली आल्या आणि मे २०२५ मध्ये त्यांच्यातल्या पहिल्या १७ जणी तिथून बाहेर पडल्या. काही पोरांना खरंच जायचं असतं. काहींना अजिबात नको असतं, आणि नको म्हणणं म्हणजे बापाच्या नोकरीचा अपमान वाटेल म्हणून ती बोलत नाहीत. ‘मला नाही जायचं’ असं पोर म्हणालं तर त्याला भित्रं ठरवू नये. त्या नोकरीची किंमत त्याच्याइतकी गावात कोणाला ठाऊक आहे?

वाईटच घडलं तर, म्हणजे वडील कारवाईत गेले, बेपत्ता झाले किंवा कायमचे अपंग झाले तर, मुलांच्या शिक्षणाचा खर्च केंद्र सरकार उचलतं. १९७१ च्या युद्धानंतर ही सवलत सुरू झाली. महिना दहा हजारांची मर्यादा मध्यंतरी आली होती, ती २०१८ मध्ये काढली. पण त्या घरातल्या पोरांना पहिल्या महिन्यात पैशापेक्षा एक गोष्ट हवी असते: त्यांच्या समोर टीव्ही बंद ठेवणारं आणि दारात येणाऱ्या कॅमेऱ्यांना थोपवणारं कोणी. तेवढं गावाला करता येतं. शाळेतही तेच. सीमेवर काही घडल्याची बातमी आली की वर्गात ‘तुझे पप्पा कुठे आहेत रे आत्ता?’ असं सगळ्यांसमोर विचारू नये. वडिलांचा वर्दीतला फोटो पोराने स्टेटसला ठेवला तर तो काढायला सांगावं. लष्कराने २०२० मध्ये जवानांना फेसबुकसकट ८९ अ‍ॅप काढून टाकायला लावली ती याच काळजीने. पालकसभेला वडील हवेतच असतील तर आधी वेळ ठरवून व्हिडिओ कॉल लावावा. नेटवर्क मिळालं तर ते पोस्टवरूनही पाच मिनिटं बोलतात.

जून २०२२ पासून जवानांची भरती अग्निवीर म्हणून होते. मुदत चार वर्षं, रजा वर्षाला ३० दिवस, आणि तोवर लग्न करता येत नाही. म्हणजे अग्निवीराला मूलच नसतं, आणि वर सांगितलेलं काही त्याला त्या काळात लागू होत नाही. पहिल्या तुकड्यांची चार वर्षं २०२६ च्या अखेरीपासून भरायला लागतील. पंचवीस टक्क्यांपर्यंत पुढे पंधरा वर्षांसाठी घेतले जातील. त्यांची लग्नं होतील, क्वार्टरची यादी लागेल, पार्ट टू ऑर्डर निघेल, आणि हाच फेरा नव्याने सुरू होईल. बाकीचे पंचविशीच्या आतबाहेर गावी येतील. त्यांना पेन्शन नाही, कॅन्टीन नाही, ईसीएचएस नाही. त्यांची पोरं बापाला वर्दीत फक्त फोटोत बघतील आणि बापाजवळच वाढतील, बाप त्या वेळी जी काही नोकरी करत असेल तिच्या गावी.